कमलअक्काची संगत

धुळ्याच्या मिशन कंपाउंडात मी राहायला आले त्या पहिल्याच सकाळी मला एक बाई मोठमोठ्याने हसताना ऐकू आली. मी खोलीत एकटी होते. ट्रंक अजून उघडली नव्हती आणि नगरहून आणलेली गादीची वळकटी तशीच भिंतीशी उभी होती. खिडकीतून डोकावलं, तर पलीकडच्या अंगणात चिंचेखाली पन्नाशीची एक जाडजूड बाई बाजेवर एकटीच बसलेली. समोर कोणी नाही, बाजूला कोणी नाही. हसून झाल्यावर तिने पदराने डोळे पुसले, "बरं, बरं," असं कुणाला तरी म्हणाली आणि पुन्हा गप्प बसली. मला वाटलं, शेजार काही धड दिसत नाही.

थोड्या वेळाने तीच बाई झाकलेलं ताट घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"मुलींच्या शाळेतल्या नव्या बाई ना तुम्ही? मी कमल. सगळे अक्का म्हणतात. खाऊन घ्या. कळण्याची भाकरी आहे, ज्वारी-उडदाची. ठेचा तिखट आहे, जपून."

जेवता जेवता मी विचारलं, "सकाळी तुमच्याकडे कोण आलं होतं?"

"कुठे?"

"चिंचेखाली. तुम्ही हसत होता."

"ते होय! मी देवाशी बसले होते."

"आणि हसत होता?"

"मग? तुम्ही कधी हसत नाही त्याच्याशी?"

मी चर्चच्या पाळकांची मुलगी. प्रार्थना ऐकतच मोठी झालेली. पण आमच्या घरी देवापुढे हसायची पद्धत नव्हती. वडील डोळे मिटायचे, आवाज खाली आणायचे आणि आम्ही भावंडं 'आमेन' कधी येतं त्याची वाट पाहायचो. हे मी तिला सांगितलं तर ती पुन्हा हसली. या खेपेला मात्र माझ्याकडे पाहून.

"अक्का, तुम्ही..." असं मी काहीतरी बोलायला गेले, तर तिने मला तिथेच अडवलं. "अगं, देवाला तू म्हणतेस आणि मला तुम्ही? त्याला काय वाटेल?" त्या दिवसापासून मी तिला 'तू' म्हणू लागले आणि ती माझं नाव तोडून मला 'सुनी' म्हणू लागली.

ही गोष्ट एकोणीसशे ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांतली. अक्का मिशनची सुवार्तिक होती. साक्रीच्या रस्त्यावरची काही गावं तिच्याकडे होती. तिथे जायचं, घरोघर बसायचं, प्रभू येशूविषयी सांगायचं, हे तिचं काम. सुवार्तिक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गंभीर चेहऱ्याचा, काखेत पवित्र शास्त्र घेतलेला, दर चार शब्दांनंतर 'पाप' म्हणणारा माणूस येई. अक्का त्यातल्या कशातच बसत नव्हती. तिला खायला आवडायचं आणि ते ती लपवत नसे. वांग्याचं भरीत समोर आलं की बोलणं थांबवून ती आधी त्याचा वास घ्यायची. वेळ तिला कधीच पाळता आली नाही. छत्र्या तर ती अशा विसरायची की तिच्या गावांमधल्या निम्म्या घरांत खुंटीला तिची एकेक छत्री लोंबत असेल. आणि गळा? देवाने तिला सगळं दिलं होतं, सूर सोडून. रविवारी उपासनेत ती अशी मन लावून बेसूर गायची की पेटी वाजवणाऱ्या थोरातमास्तरांनी तिला प्रेमाने दाराजवळची जागा सुचवली होती. "वारा येतो तिथे, अक्का." ती खूश. "मास्तर माझी किती काळजी करतात बघ."

सकाळचं बसणं मात्र तिचं कधी चुकलं नाही. 'प्रार्थना करते' असं ती म्हणत नसे. "मी जरा बसून येते," म्हणायची, आपण शेजारणीकडे जाताना म्हणतो तसं. त्या वेळात कोणी आलं तर ती उठत नसे. एकदा पाळकसाहेब काही कामाने आले आणि मधमाशीसारखे चिंचेभोवती फिरत राहिले. ती उठली तेव्हा त्यांनी जरा चिडूनच विचारलं, "अक्का, एवढं काय काय मागता?"

अक्काने कपाळाला हात लावला. "अगंबाई! मागायचं राहूनच गेलं की. बोलण्यातच वेळ गेला."

ती हे विनोदाने म्हणाली नव्हती. तिचं खरंच राहून गेलं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी एकदा तिच्याबरोबर पिंपळखेड्याला गेले. घरी जायला अजून आठवडा होता आणि अक्का म्हणाली, "चल, तुला माझं काम दाखवते." फाट्यावर एसटीने सोडलं. तिथून उन्हात चालत गेलो. मनात मी भाषणाची तयारी करत होते. मला चार शब्द बोलायला सांगितले तर काय बोलायचं?

गावात शिरलो तर बायका धाब्यावर. मातीच्या सपाट छपरावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, घालायचं काम चाललं होतं. खाली चुलीवर शिजवलेलं पीठ, वर ओल्या कापडावर थापायचं आणि उन्हात पसरायचं. "अक्का उनी, अक्का उनी!" असा गलका झाला. अक्काने चपला काढल्या, पदर खोचला, शिडी चढून वर गेली आणि थापायलाच बसली. मीही बसले. बराच वेळ नुसतं काम. कोणाची सासू कशी, कोणाच्या म्हशीला काय झालं, कोणाच्या घरी लग्न. अक्काला सगळं ठाऊक, सगळ्यात तिचं डोकं. मी मनात म्हणत होते, आता सांगेल, आता सांगेल. पण ती सांगेचना. मध्येच तिने भजन सुरू केलं आणि बायका हसून लोटपोट झाल्या. एकीने तोंडाला पदर लावला. "राहू दे व अक्का, कावळा उडी जातीन!" मग त्यांनीच ते शब्द उचलले आणि आपल्या दळणाच्या चालीवर बसवले. ते इतकं सुंदर झालं की मी थापायचं विसरले. अक्का मात्र मोठ्या समाधानाने टाळ्या वाजवत होती. तिच्या बेसुरेपणाचा असाही उपयोग होता तर.

त्या बायकांत एक होती जिजाई. गावच्या नाना पाटलांची बायको. अंगाने बारीक, बोलायला फटकळ. पीठ थापता थापता तिने हात थांबवला आणि विचारलं, "अक्का, तुन्हा घरमा नवरा नही, पोरेसोरे नही. मंग तू इतली कसी हासस व?"

बाकीच्यांचेही हात थांबले. बायकांच्या मनात हा प्रश्न बरेच दिवस असावा.

अक्काने हात धुतले. मग सांगितलं, त्यांच्याच बोलीत, अगदी साधेपणाने. तिचा नवरा मिशनच्या दवाखान्याची गाडी चालवायचा. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, तोच घाटात गाडी उलटली. लोक सांत्वनाला आले, शास्त्रातली वचनं सांगून गेले. तिला एकही शब्द पचला नाही. एका सकाळी ती चिंचेखाली जाऊन बसली ती देवाशी भांडायला. तोंडाला येईल ते बोलली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, राहिलेलं बोलायला. अशी रोज. "भांडता भांडता वळख व्हयनी," ती म्हणाली. तिला कळलं की समोर कोणीतरी आहे, तो ऐकतो आहे, तो चिडत नाही, उठून जात नाही. आणि तोही कधी मुलाच्या मरणाचं दुःख भोगलेला आहे. येशू त्याचाच. त्या येशूनेच तिला बापाजवळ नेऊन बसवलं. "तवढामा मन्हं भांडन सरी गय. बठनं मात्र ऱ्हाई गय." भांडण सरलं आणि बसणं राहिलं. "म्हनीसन हासस मी. अन् तुम्हना गावले येस, कारन एकलीले तो आनंद पुरा व्हत नही."

एवढंच. मग पुन्हा थापायला लागली. मी तयार केलेलं भाषण माझ्यापाशीच राहिलं आणि त्याचं मला काही वाईट वाटलं नाही.

पुढच्या वर्षी मात्र गोष्ट बिघडली. दुसऱ्या कुठल्याशा तालुक्यात धर्मांतरावरून तंटा झाल्याची बातमी आली आणि गावोगाव बोलणं सुरू झालं. अक्का पिंपळखेड्याला गेली तेव्हा नाना पाटील ओसरीवरच उभे होते. मी त्या दिवशी बरोबर होते. नाना साठीचे, उंच, पांढरी टोपी, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी आधी आम्हांला पाणी दिलं. मग म्हणाले,

"अक्का, खरं सांग. तू आम्हना लोकेसले बाटाडाले येस का?"

अक्का गोंधळली नाही. "नाना, खोटं नही बोलाव मी. मन्हा देव तुम्हलेबी भेटाले पाहिजे असं माले वाटस. पन ओढीसन नेवानी वस्तू नही ती. कोनले फसाडालेबी उनू नही."

नानांनी आमचे रिकामे पेले उचलून ओसरीच्या कडेला ठेवले. मग म्हणाले, "तुन्हावर मन्हा राग नही. पन गावमा भांडन नको. आते येऊ नको तू."

"तुम्हनं गाव शे, नाना. तुम्ही बलावा तवय मी यीसू," अक्का म्हणाली. तिने नमस्कार केला, चपला घातल्या आणि आम्ही परत निघालो. जिजाई दाराआड उभी होती. तिच्या हातात अक्काची मागच्या खेपेची छत्री होती. ती द्यायची की नाही हे तिला सुचत नव्हतं. शेवटी तिने दिली नाही.

फाट्यापर्यंत अक्का माझ्या पुढे पुढे चालत राहिली. वाटेत माणूस दिसला की थांबणारी ती, त्या दिवशी कुठेच थांबली नाही.

त्यानंतरचे महिने तिचे वाईट गेले. दुसऱ्या गावांना ती जात होती, पण पिंपळखेडं तिच्या जिवाचं होतं. सकाळी ती चिंचेखाली बसायची आणि लवकर उठायची. एकदा मी विचारलं, "आज एवढ्यात झालं?"

"तो आला होता, सुनी. मीच नव्हते तिथे."

दुसऱ्या एका सकाळी ती ताटात मेथी निवडत बसली होती. एकदम म्हणाली, "मी विचार करत होते. मला बायकांवाचून करमत नाही म्हणून मी उदास आहे, की देवावाचून? देव तर आहेच. इथेच आहे. मग कमी काय आहे?" मेथीची एक काडी तिने बराच वेळ हातात धरली. "मला वाटतं ना, त्यालाही एकट्याने आनंद करवत नाही. नाहीतर त्याने माणूस कशाला केला असता? मग मुलगा कशाला धाडला असता? तो सगळ्यांना बोलावतोय. आणि ज्याच्याजवळ मी रोज बसते त्याच्या मनात जे आहे तेच माझ्या मनात येणार ना? म्हणून मला तिकडे ओढ लागते. ही उदासीसुद्धा त्याचीच आहे बाई."

असं म्हणून तिने ती मेथी निवडून टाकली आणि तिचा चेहरा जरा मोकळा झाला. मिशन कशासाठी असतं, यावर मी पुढे पुष्कळ भाषणं ऐकली. मेथीच्या ताटाशी ऐकलेलंच डोक्यात राहिलं.

वर्ष उलटल्यावर नाना पाटील स्वतः कंपाउंडात आले. टोपी हातात. अक्काने बाज टाकली, पाणी आणलं. ते बसले नाहीत.

"मन्ही धाकली पोर गयी, अक्का. बाळंतपनमा. सासरले." ते हातातल्या टोपीकडे बघत बोलत होते. "तवयपासीन जिजी बोलत नही. भाकर खास नही, रडस नही. आज तिन्ही तुन्ही छत्री काढी अन् मांडीवर लिसन बठनी. मी इचारं, अक्काले बलावू का? तिन्ही मान हालाई."

अक्का तशीच निघाली. मला शाळा होती, मी रजा टाकली आणि गेले. एरवी एसटीत अक्काच्या तोंडाला खळ नसे, त्या दिवशी ती पुऱ्या वाटेत खिडकीबाहेर पाहत होती.

जिजाई मागच्या अंगणात गोठ्याशी बसली होती. अक्का तिच्या शेजारी जमिनीवर बसली. बोलली काहीच नाही. नाना, त्यांची सून आणि मी, आम्ही दारात. सुनेने दोनदा चहा आणला, तो दोनदा निवला. बऱ्याच वेळाने अक्का हळूच म्हणाली, "जिजी, भांड ना त्यासंगे. मी बी भांडी व्हती."

जिजाईने तिच्याकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं. आणि त्या बारीक अंगाच्या बाईच्या तोंडून जे बाहेर पडायला लागलं! इतके दिवस साठलेलं. तिने देवाला काय काय विचारलं, काय काय म्हटलं. नाना घाबरून पुढे झाले, "अवं, देवले असं बोलू नही!" अक्काने नुसता हात वर केला आणि त्यांना थांबवलं. जिजाई बोलत राहिली, मग ओरडली, मग तिचं रडणं फुटलं. अक्काने तिला कुशीत घेतलं. तिच्याबरोबर अक्काही रडली, आणि दारात नाना खांबाला धरून रडले.

आम्ही निघायच्या वेळी जिजाईने भाकरी मागितली. सून धावत आत गेली. भाकरी चावता चावता जिजाई अक्काला म्हणाली, "गानं म्हन ना तुन्हं." अक्काने म्हटलं, तिच्या त्या सुरात. जिजाईचे डोळे भरलेलेच होते, पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. नाना माझ्याकडे वळून पुटपुटले, "हासनी. देखं का? हासनी ती."

त्यानंतर अक्काला 'येऊ नको' असं कोणी म्हटलं नाही. ती आठवड्याला जायची. ती आणि जिजाई गोठ्याशी बसायच्या. हळूहळू आणखी बायका येऊन बसायला लागल्या.

आणि नेमकी त्याच सुमारास मिशनच्या कमिटीने अक्काची बदली ठरवली. कमिटीचे सेक्रेटरी कदमसाहेब जळगावहून सांगायला आले. कदमसाहेब वाईट माणूस नव्हते. दमलेले होते. इमारतींची दुरुस्ती, पगार, भांडणं, सगळं त्यांच्या डोक्यावर. चेहऱ्यावर सतत आठी. चिंचेखाली खुर्चीवर बसून ते म्हणाले, "अक्का, इतकी वर्षं पिंपळखेड्याला गेलात. एकही बाप्तिस्मा नाही. कमिटीचं म्हणणं, तुम्ही जळगावला या, वसतिगृह सांभाळा. तिथे तुमचा उपयोग होईल."

मी माझ्या पायरीवर वह्या तपासत होते. मी वही मिटून कान दिला. अक्का मात्र शांतपणे म्हणाली, "साहेब, एक विचारू? आपण गावात कशाला जातो?"

"सुवार्ता सांगायला."

"सांगून काय व्हावं?"

"लोकांनी विश्वास ठेवावा. त्यांचं तारण व्हावं."

"तारण होऊन काय व्हावं?"

 कदमसाहेबांना उत्तर येत नव्हतं असं नाही. पण बहुतेक कितीतरी दिवसांत त्यांनी ते स्वतःला विचारलं नव्हतं.

"त्यांनी देवाजवळ बसावं, साहेब," अक्का म्हणाली. "आपल्याजवळही बसावं. एका पंगतीत. त्याला आनंद व्हावा, त्यांना व्हावा, आपल्याला व्हावा. त्याच्यासाठीच ना हे सगळं? मी वाढपी आहे. मी पानं मोजत उभी राहिले तर वरण गार होईल." मग ती हसली. "वरणावरून आठवलं. नानांनी परवा वरण-बट्टीला बोलावलंय. तुम्ही चला. जेवा. मग म्हणाल तिथे जाते. जळगावला तर जळगावला."

कदमसाहेब आले. मला वाटलं होतं येणार नाहीत. पण अक्काने जेवणाचं आमंत्रण दिलं की त्यातून सुटणं अवघड असे.

नानांच्या अंगणात पंगत बसली. शेणाच्या गोवऱ्यांवर भाजलेल्या बट्ट्या, कुस्करून वर तूप, तुरीचं वरण, वांग्याची घोटलेली भाजी. अक्का खरोखरच वाढत होती, पदर खोचून, "घ्या साहेब, अजून एक, देवाच्या नावाने." कदमसाहेबांनी तीन बट्ट्यांनंतर हात आडवा धरला, तरी चौथी पडलीच.

जेवण झाल्यावर साहेबांनी नानांना विचारलं, "नाना, अक्का इथे येते, तुमची हरकत नाही?"

नानांनी सुपारी कातरत उत्तर दिलं. "पहिले व्हती. मी तिले ना म्हनं व्हतं." बदलीचं त्यांच्या कानावर आलं होतं. "तुम्हना धरमनं माले काही समजत नही, साहेब. पन तुम्ही तिले काबर काढी ऱ्हायनात? तिन्ही आम्हनं काही लिधं नही. दिधं शे."

"काय दिलं?"

नानांनी जिजाईकडे पाहिलं. ती उंबऱ्याशी बसली होती. मोठ्या साहेबांपुढे बोलायला ती जरा लाजली. मग म्हणाली, "संगत. आते मी बी बठस सकायले, अक्कासारखी. येशूले सांगस बठ्ठं, सगळं. पोरनं बी सांगस. कोनीतरी ऐकस असं वाटस." एवढं बोलून तिने पदर सारखा केला आणि ती उठून भांडी गोळा करायला लागली.

मग बायकांनी भजन धरलं, त्यांच्या दळणाच्या चालीवरचं. अक्का आपल्या सुरात त्यांच्यात मिसळली. मी कदमसाहेबांकडे पाहत होते. ते आधी मांडीवर बोटं वाजवत होते. मग ओठ हलायला लागले. मग त्यांनी चष्मा काढला आणि मोकळ्या आवाजात गायला लागले. आवाज चांगला होता त्यांचा. भरदार. ते गातात हे कंपाउंडात कोणालाच माहीत नव्हतं.

परतताना फाट्यावर एसटीची वाट पाहत उभे होतो. कदमसाहेब चप्पल पुसत, खाली बघत म्हणाले, "अक्का, तुम्ही सकाळी बसता ना, तेव्हा सुरुवात कशी करता?"

"दमला असाल तर दमलो म्हणा, साहेब. मी तर शिव्यांनी केली होती."

साहेब हसले. आठी गेली असं म्हणवत नाही, पण तिची जागा जरा हलली. बदलीचं पुन्हा कोणी बोललं नाही. कमिटीत त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. अक्का नोकरी संपेपर्यंत पिंपळखेड्याला जात राहिली.

पुढे जिजाईने आणि गावातल्या आणखी काही बायकांनी आपण होऊन बाप्तिस्मा मागितला. गावात थोडी कुरबूर झाली, नानांनी ती मिटवली. त्यांनी स्वतः कधी मागितला नाही. पण दर रविवारी बायका जमायच्या आधी ओसरी झाडून सतरंजी टाकायचे ते नानाच, आणि मागच्या खांबाशी शेवटपर्यंत बसून राहायचे. अक्काला मी एकदा विचारलं, "नानांचं काय?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एखाद्या जेवणाऱ्या माणसाचं पान ओढायला निघाले आहे. "त्यांना जेवू दे ना सावकाश," ती म्हणाली.

माझं लग्न झालं आणि मी जळगावला आले. काही वर्षांनी अक्काही आली, निवृत्त होऊन, मेहरूणला भाच्याकडे. गुडघे धरले होते, डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. भाचा, भाचेसून चांगली होती, तिला जपायची. "अक्का, आता आराम करा," म्हणायची. अक्का आराम करायची, पण तलावाच्या काठाने फिरायला येणाऱ्या अर्ध्या बायका तिच्या ओळखीच्या झाल्या होत्या आणि भाचेसुनेला चहाचं आधण कधी उतरवता येत नसे.

ती गेली तेव्हा मी नगरला माहेरी होते, त्यामुळे शेवटचं दर्शन मला झालं नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही, कारण त्याच्या थोडंच आधी मी तिला पाहिलं ते असं.

जळगावच्या बसस्टँडवर मी नशिराबादच्या गाडीची वाट पाहत होते. बघते तर अक्का, काठी टेकत, पिशवी सावरत पहूरच्या गाडीकडे चाललेली. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"अक्का, एकटी कुठे निघालीस? भाच्याला सांगितलंस का?"

"सांगितलं. रागावला. मग सोडायला आला, स्कूटरवर. तो बघ, पेढे घ्यायला गेलाय."

"पहूरला कोण आहे तुझं?"

"अजून कोणी नाही," अक्का म्हणाली. "दवाखान्यात एक बाई भेटली होती, तिथली. घरी या म्हणाली. बघू."

भाच्याने पेढ्यांचा पुडा दिला, आम्ही दोघांनी मिळून तिला गाडीत चढवलं. खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभी राहिले, गाडी सुटताना तिला हात करावा म्हणून. शेजारी एक शेतकरीण येऊन बसली, मांडीवर केळ्यांची टोपली, चेहरा थकलेला, उन्हाने रापलेला. काच बंद होती, त्यामुळे मला काही ऐकू आलं नाही. अक्का तिच्याकडे वळून काहीतरी म्हणाली. बाईने आधी नुसती मान हलवली. मग काहीतरी उत्तर दिलं. अक्काने पेढ्यांचा पुडा उघडला. कंडक्टरने घंटी मारली, इंजिन घरघरलं. तेवढ्यात ती शेतकरीण एकदम हसली, डोकं मागे टाकून, तोंडापुढे हात धरून, आणि अक्काही हसायला लागली, खांदे हलवत. मी हात वर केला. गाडी वळली, स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली. अक्काने माझ्याकडे पाहिलंच नाही. मी आहे हे ती विसरून गेली होती.

भाचा मला म्हणाला, "बघा, गेली. तुम्हांला अच्छासुद्धा केलं नाही."

मी अजून हात वर धरूनच उभी होते, आणि मलाही हसू आवरत नव्हतं.